उलटं करून बघा!

काचेच्या साखरदाणीच्या तळाला तारीख लिहिलेली असते! साल, महिना, दिवस, सगळं. दीडशे वर्षांपूर्वीची, पक्की, सरकारदरबारी नोंदलेली तारीख. आणि हे मला आजवर कुणी म्हणजे कुणीही सांगितलं नव्हतं. काच म्हटली की फुटेल, सांभाळ, वरच्या फळीवर ठेव, एवढंच ऐकत मी मोठी झाले. काच वाचता येते हे आत्ता कुठे कळलंय, आणि तेव्हापासून ज्यांच्या ज्यांच्या घरी जाते त्यांच्या शोकेसमधल्या वस्तू मी परवानगी मागायच्या आधीच उलट्या करते.

आम्ही राहतो न्यूकॅसलला, इंग्लंडच्या ईशान्य टोकाला. इथून मेट्रोनं समुद्राच्या दिशेनं गेलं की टाइनमाउथ लागतं, आणि शनिवार-रविवारी तिथल्या स्टेशनच्या फलाटांवरच जुन्या बाजाराची दुकानं मांडलेली असतात. स्टेशन १८८२ सालचं. ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब, वर काचेचं लांबच लांब छप्पर, खाली जुनी पुस्तकं, चहाचे सेट, पितळी कड्या, कुणाच्या तरी आजोबांची पदकं. गाडी येते, माणसं उतरतात आणि थेट घासाघीस करायला लागतात. मी तिथे गेले होते कढीपत्त्याच्या रोपासाठी एक कुंडी बघायला.

कुंडी राहिली बाजूला. एका टेबलावर जाड, किंचित राखाडी झाक असलेली काचेची साखरदाणी होती आणि तिच्या अंगावर उठावाची अक्षरं होती: ‘ग्लॅडस्टन फॉर द मिलियन’. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातले ते ग्लॅडस्टन? ब्रिटनचे पंतप्रधान? साखरदाणीवर? मी ती उचलली. टेबलामागच्या म्हाताऱ्या बाई सगळ्यांनाच ‘पेट’ म्हणतात, इथली तशी पद्धतच आहे. त्या म्हणाल्या, “उलटी कर, पेट. खाली तिरकं धर उजेडात.” मी धरली. तळाच्या मधोमध, नखाएवढा, एक चौकोन टोकावर उभा केलेला. त्याच्या डोक्यावर छोटं वर्तुळ, चारही कोपऱ्यांत काहीतरी लिहिलेलं, मध्ये ‘आर-डी’. मी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघितलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य मराठीतच निघालं: “अगं बाई, ही तर पत्रिका आहे!”

खरंच, आपल्या जन्मपत्रिकेच्या कुंडलीतला मधला चौकोन डोळ्यांसमोर आणा. तशीच ठेवण, तशीच घरं, आणि कुठल्या घरात काय बसलंय यावरच सगळा खेळ. बाईंनी टेबलाखालून एक कुरतडलेली वही काढली, त्यात अक्षरांची कोष्टकं होती, आणि पाच मिनिटांत त्यांनी मला सांगितलं की या नक्षीची नोंद ३१ जुलै १८६९ या दिवशी झाली आहे. शनिवार होता तो दिवस! (हे मी घरी येऊन काढलं. आता मी अशी झाले आहे.) ग्लॅडस्टन पहिल्यांदा पंतप्रधान झाले डिसेंबर १८६८ मध्ये. म्हणजे खुर्चीवर बसून वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात शेजारच्या संडरलंडमधल्या हेन्री ग्रीनर नावाच्या कारखानदारानं त्यांच्या नावाची काचेची भांडी साच्यातून काढायला सुरुवात केली होती.

तर ही पत्रिका वाचायची कशी, ते सांगते, कारण हे एकदा कळलं की माणूस कामातून जातो.

१८४२ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला. कारखानदारानं आपली नक्षी सरकारकडे नोंदवायची, मग ठराविक मुदतीत दुसऱ्यानं ती चोरायची नाही. नोंद झाल्याची खूण म्हणून वस्तूवर हा चौकोन. डोक्यावरच्या वर्तुळात वस्तू कुठल्या वर्गातली ते रोमन आकड्यात: धातू एक, लाकूड दोन, काच तीन, चिनीमाती चार. म्हणजे काचेच्या भांड्यावर तीन उभ्या काड्या दिसल्याच पाहिजेत. मग चार घरं. १८४२ ते १८६७ या काळात वरच्या घरात सालाचं अक्षर, डावीकडे महिन्याचं अक्षर, उजवीकडे तारीख, आणि खाली त्या दिवशीच्या नोंदीचा अनुक्रमांक. सव्वीस सालं, सव्वीस अक्षरं. अक्षरं संपली! मग १८६८ पासून घरांची अदलाबदल केली: तारीख वर, साल उजवीकडे, महिना खाली, अनुक्रमांक डावीकडे, आणि अक्षरं पुन्हा पहिल्यापासून. हे १८८३ पर्यंत चाललं.

म्हणजे पहिली नजर वरच्या घरावर. तिथे अक्षर असेल तर १८६७ पर्यंतचं, आकडा असेल तर नंतरचं. इतकं सोपं!

आणि अक्षरं सरळ ए, बी, सी अशी नाहीतच. १८४२ म्हणजे एक्स, १८४३ म्हणजे एच, १८४४ म्हणजे सी, १८४५ म्हणजे ए. महिन्यांचंही तेच: जानेवारी सी, फेब्रुवारी जी, मार्च डब्ल्यू, जुलै आय, डिसेंबर ए. पाठ केल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि मी पाठ केलीत. पाढ्यांच्या चालीवर. माझ्या साखरदाणीवर वरच्या घरात ३१, म्हणजे दुसऱ्या काळातली. उजवीकडे एच, म्हणजे १८६९. खाली आय, म्हणजे जुलै. संपलं! त्याच एचचा अर्थ पहिल्या काळात १८४३ झाला असता. एका घराच्या फरकानं सव्वीस वर्षांचं अंतर.

१८८४ पासून सरकारला या चौकोनाचा कंटाळा आला असावा. नोंदी एकपासून सरळ मोजायला लागले आणि भांड्यावर नुसतं ‘आर-डी नंबर’ आणि आकडा. १८८५ सुरू झालं १९,७५४ ला, १८८६ सुरू झालं ४०,४८० ला, १८९० सुरू झालं १,४१,२७३ ला, १९०० सुरू झालं ३,५१,२०२ ला. समजा तुमच्या हातातल्या वाटीवर १,३०,६४३ आहे. १८८९ साल १,१६,६४८ ला सुरू होतं, १८९० अजून यायचंय, म्हणजे वाटी १८८९ ची. तिसरीतल्या मुलाला येईल असं गणित. आणि या सगळ्या नोंदींची मूळ रजिस्टरं, कारखानदारांनी पाठवलेल्या चित्रांसकट, लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेली आहेत. साखरदाणीसुद्धा दप्तरी दाखल!

मात्र एक मेख आहे. ती तारीख नक्षीच्या नोंदीची, भांडं ओतल्याची नव्हे. साचा लोखंडाचा, तो टिकला तर पुढे कितीही वर्षं वापरता येतो. त्या तारखेच्या आधीची ती वस्तू असू शकत नाही, नंतरची मात्र असू शकते. याची गंमत म्हणजे काही भांड्यांवर १८८० च्या आसपासची खूण असते आणि काचेला मात्र तेलाच्या तवंगासारखी सप्तरंगी झळाळी. ती झळाळीवाली साच्यातली काच अमेरिकेत फेंटन कंपनीनं १९०८ च्या सुमाराला बाजारात आणली, आणि इंग्लंडमध्ये सोवर्बी कंपनीनं १९२० च्या दशकात आपलेच जुने, राणीच्या काळातले साचे काढून तशी काच ओतली. खूण व्हिक्टोरियाची, काच नातवाच्या राज्यातली. विक्रेत्याला हे ठाऊक असेलच असं नाही. तुम्हाला आता ठाऊक आहे.

सोवर्बी म्हटलं आणि मला थांबवत नाही. आमच्या खिडकीतून टाइन नदी दिसते. पलीकडे गेट्सहेड. तिथे पूर्वी काय होतं म्हणून कधी विचारलं नव्हतं. तिथे होती सोवर्बीची एलिसन ग्लास वर्क्स, एके काळी साच्यातल्या काचेच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कारखान्यांपैकी एक! तिथेच जॉर्ज डेव्हिडसनचा टीम्स कारखाना, १८६७ पासून. दहा-बारा मैलांवर संडरलंडला ग्रीनर. का इथेच? कारण कोळसा इथला, भट्ट्यांना लागेल तेवढा. कोळसा घेऊन दक्षिणेकडे गेलेली जहाजं परत येताना रिकामी डगमगू नयेत म्हणून तळाला वाळू भरून यायची. वाळू आयती, कोळसा आयता, बंदर दारात. १८४५ पर्यंत काचेवर वजनावर कर होता, उत्पादन शुल्काचे अधिकारी कारखान्यात ठाण मांडून बसायचे. तो रॉबर्ट पील यांच्या सरकारनं उठवला, आणि जाड, जड, भरघोस नक्षीची काच एकदम परवडायला लागली. लोखंडी साच्यात वितळलेल्या काचेचा गोळा टाकायचा, वरून दट्ट्या दाबायचा, झाली वाटी. फुंकणाऱ्या कसबी कारागिराच्या हाताखालून जे श्रीमंताच्या घरी जायचं, त्याची नक्कल खाण कामगाराच्या घरी पोचली.

या तिघांच्याही खुणा आहेत, आणि त्या शोधणं म्हणजे निव्वळ आनंद. सोवर्बीची खूण मोराचं डोकं, तुऱ्यासकट, १८७६ पासून. डेव्हिडसनची बुरुजातून बाहेर आलेला सिंह. ग्रीनरचाही सिंहच, पण आधी त्याच्या पंजात तारा, आणि १८८५ च्या सुमारानंतर तारा जाऊन हातात परशू. तारा की परशू, एवढं कळलं की दशक कळलं. मोर तर कधीकधी तळाच्या आतल्या बाजूला असतो, दिसत नाही, बोट फिरवलं की लागतो. मी आता काचेच्या प्रत्येक वाटीत बोट फिरवते. नवरा म्हणतो, लोकांच्या घरी जेवायला गेल्यावर तरी करू नकोस.

गेट्सहेडच्याच शिपली आर्ट गॅलरीत मी सोवर्बीचं काम बघितलं आणि तिथून हलेना. काच वाटतच नाही ती! १८७७ च्या सुमाराला त्यांनी ‘व्हिट्रो-पोर्सिलेन’ नावाची अपारदर्शक काच काढली, पांढरी, फिकी निळी, हस्तिदंती, हात लावला नाही तर चिनीमातीच म्हणाल. वर बालगीतांमधली चित्रं, पोरं, कोकरं, झाडं. ती वॉल्टर क्रेन या मोठ्या चित्रकाराच्या लहान मुलांच्या पुस्तकांवरून घेतलेली. फुलं ठेवायची एवढीशी डबी, आणि तिच्या चारही बाजूंना गोष्ट चाललेली. शेजारी त्यांची ‘मॅलाकाइट’ काच, जांभळ्यात पांढऱ्या लाटा, एका भांड्यासारखं दुसरं नाही, कारण लाटा साच्यात जशा गोठतील तशा. यापैकी बऱ्याचशा वस्तू त्या काळी अगदी किरकोळ किमतीच्या. लोकांनी वापरल्या, फोडल्या, टाकल्या. आज काचेच्या कपाटात आहेत.

आणि संडरलंडच्या ग्रीनरचं पुढे काय झालं माहीत आहे? तो कारखाना जॉब्लिंग नावाच्या माणसाकडे गेला आणि त्याच कंपनीनं १९२१ मध्ये पायरेक्स बनवायचा परवाना मिळवला. केक भाजायचं ते पायरेक्स! सिंह-ताऱ्यापासून ओव्हनपर्यंत एकच धागा.

आता दिवे मालवा.

डेव्हिडसननं १८८९ मध्ये ‘पर्लाइन’ नावाची काच काढली. तिची एक लिंबूपिवळी जात आहे. मधला भाग पारदर्शक पिवळा, कडेला जाताजाता दुधाळ होत गेलेला. ही दुधाळी रंगवलेली नाही, काचेतच तशी द्रव्यं घातलेली असतात. साच्यातून काढल्यावर कड पुन्हा भट्टीपुढे धरली की तेवढीच पांढरी उमलते. मी त्या बाईंकडूनच एक ताटली घेतली, पाच पौंडांना, कड एका जागी टवकलेली म्हणून स्वस्तात. त्या म्हणाल्या, “घरी अंधार करून बघ.” मी तीनशे पंच्याण्णव नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मागवला (नोटा तपासायचा असतो तसला, महाग नसतो), न्हाणीघरात दार लावून ताटली ठेवली, बटण दाबलं.

हिरवी! धगधगीत, झगझगीत हिरवी! पिवळा रंग गायब, सगळी ताटली आतून पेटल्यासारखी. मी ओरडले म्हणून मुलगा धावत आला, मग तोही ओरडला. मग आम्ही घरातली प्रत्येक काच त्या अंधारात आणली. बाकी कशातच काही नव्हतं, एका जुन्या बाटलीत जरासा मिणमिणता हिरवट उजेड सोडून. तो मँगनीजचा. काच रंगहीन करायला घालायचे, त्याची आभा फिकी असते. युरेनियमची आभा बघितली की शंकाच उरत नाही.

होय, युरेनियम. काचेला हा पिवळा-हिरवा रंग द्यायला ते राजरोस घालत. युरेनियम क्लाप्रोथनं शोधलं १७८९ मध्ये, १८३० च्या दशकात बोहेमियात योझेफ रीडलनं त्याची काच फॅशनमध्ये आणली, आणि बेकेरेलला किरणोत्सर्गाचा शोध लागला १८९६ मध्ये. म्हणजे हे सगळं वेड, सगळ्या त्या फुलदाण्या, तबकं, पर्लाइन, पदार्थाच्या खऱ्या स्वभावाची कुणालाही कल्पना नसताना झालेलं! प्रमाण थोडं असतं, कपाटात ठेवायला, हाताळायला लोक बिनधास्त ठेवतात. मी मात्र त्यात चटणी वाढणार नाही. आणि एक बजावून सांगते: हिरवी चमकली म्हणून जुनी, असं मुळीच नाही. युरेनियमची काच आजही बनते. टॉर्च पदार्थ सांगतो, वय सांगत नाही. बाजारात या एका गैरसमजावर पुष्कळांचे पैसे जातात.

इथवर साच्यातली काच. मग मला खुमखुमी आली की श्रीमंतांची बघू. फुंकलेली, घडवलेली, सोनं घालून रंग आणलेली. त्याचं गाव स्टोअरब्रिज, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला. तिथे वर्ड्सलीला कालव्याच्या काठावर रेड हाउसचा विटांचा शंकू आहे, सुमारे शंभर फूट उंच, अठराव्या शतकाच्या शेवटचा. आत मध्यभागी भट्टी असायची, भोवती कारागीर, आणि सगळी इमारत हेच धुराडं. समोर २०२२ मध्ये सुरू झालेलं काचेचं संग्रहालय. आत शिरले आणि मला कळलं की इथे माझी पाठ केलेली अक्षरं काही कामाची नाहीत.

कारण इथे तारखा नाहीत! उच्चभ्रू काच बहुतेक वेळा गप्प असते. पाच पौंडांच्या साखरदाणीला सरकारी पत्रिका, आणि सोनं घालून केलेल्या गुलाबी सुरईला नावही नाही, गावही नाही. सामान्यांसाठी हजारोंनी निघणाऱ्या मालाचीच नक्कल व्हायची भीती, म्हणून नोंदणी त्याची. हाताचं काम त्या हाताशिवाय कोण करणार! हे लक्षात आल्यावर माझी ग्लॅडस्टनची साखरदाणी माझ्या लेखी आणखी मोठी झाली.

पण गप्प वस्तूही बोलते, विचारायचं कुठे ते कळलं पाहिजे. आधी मूठ बघायची. पाण्याच्या जगची मूठ, कान म्हणा हवं तर. साधारण १८७० पर्यंत कारागीर गरम काचेचा गोळा आधी वर, तोंडापाशी, चिकटवायचा आणि खाली ओढत आणून शेपूट पोटाला वळवायचा. म्हणजे मूठ वर जाड, खाली निमुळती. नंतर पद्धत उलटली: गोळा खाली पोटाला लावायचा आणि वर ओढून काठाला टेकवायचा. म्हणजे खाली जाड, वर बारीक. एका कपाटात दोन जग शेजारी होते, दोन्ही गुलाबी, मी मूठ बघितली आणि पाटी वाचायच्या आधी कुठला जुना ते ओळखलं. अंगावर काटा आला. इतकं साधं! कोण्या कारागिरानं हात खालून वर नेला की वरून खाली, ते दीडशे वर्षांनी समोर उभं.

मग तळ. फुंकणीवरून भांडं काढल्यावर तोंड घडवायला ते तळाकडून एका लोखंडी सळईवर धरतात. सळई मोडून काढली की तिथे व्रण राहतो. चांगल्या मालात तो घासून गुळगुळीत करत, मग तळाशी एक बारीक, खोलगट, आरशासारखी टिकली दिसते. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कधीतरी स्प्रिंगचा चिमटा आला, पायाला पकडणारा, त्यात व्रण पडतच नाही. म्हणून टिकली नाही तर नवं, असं म्हणू नये. अंगाभोवती गुंडाळलेले काचेचे धागे एकसारखे, मोजून मारल्यासारखे असतील तर ते यंत्राचे. ते यंत्र हॉजेट्सनं १८७६ मध्ये पेटंट केलं, म्हणजे वस्तू त्याआधीची नव्हे. काठ बघायचा: गुलाबी, इथे ज्याला क्रॅनबेरी म्हणतात, तो रंग सोन्याच्या क्षारातून येतो. महाग आणि गडद, म्हणून पुष्कळदा साध्या काचेवर पातळ थर देत. काठावर आडवं बघितलं की दोन थर वेगळे दिसतात.

आणि शेवटी झीज. ही माझी सगळ्यात आवडती. शंभर वर्षं टेबलावर उचललेली-ठेवलेली वस्तू जिथे टेकते तिथेच, आणि तिथल्या कडेवरच, खरचटते. ओरखडे बारीक, सगळ्या दिशांना, कुणी आडवे कुणी तिरपे, काही खोल काही नुसते पुसट. लबाडानं कागदानं घासलं असेल तर रेघा एकाच दिशेनं, सारख्या खोलीच्या, आणि जिथे टेकत नाही तिथेसुद्धा. दहापट भिंग लागतं, बस्स. काळाची नक्कल करायला काळ लागतो, लबाडाकडे तेवढा वेळ नसतो.

नावांवरही जाऊ नये. रंगीत काचेवर पांढऱ्या मीनाकारीत खेळणारी मुलं दिसली की विक्रेते ‘मेरी ग्रेगरी’ म्हणतात आणि किंमत वाढवतात. मेरी ग्रेगरी नावाची बाई खरीच होती, अमेरिकेत बॉस्टन अँड सँडविच कंपनीत काच रंगवायची. पण ही मुलांची चित्रं बहुतेक बोहेमियातली. तिचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही. बिचारीच्या नावावर किती काच खपली असेल!

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोर्टलंड व्हाझ नावाचं रोमन काळातलं पात्र आहे: गडद निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर, तो कोरून काढलेल्या मानवाकृती. १८४५ च्या फेब्रुवारीत एका दारुड्यानं दगड घालून ते फोडलं, मग चिकटवलं. तोच १८४५, काचेचा कर उठला तो! आणि स्टोअरब्रिजच्या बेंजामिन रिचर्डसननं ईर्षेनं हजार पौंडांचं बक्षीस लावलं, असं पात्र पुन्हा करून दाखवणाऱ्याला. फिलिप पार्गेटरच्या कारखान्यात निळ्यावर पांढरं असं कोरं पात्र घडलं आणि जॉन नॉर्थवुड ते वर्षानुवर्षं कोरत बसला. १८७६ मध्ये संपलं. त्यातून कॅमिओ काचेची सगळी लाट उसळली. संग्रहालयात त्या परंपरेतल्या फुलदाण्या बघताना पाकळीची कड इतकी पातळ केलेली दिसते की पांढऱ्यातून मागचा निळा झिरपतो. छिन्नीनं. काचेत!

घरी येऊन पुण्याला मावशीला फोन लावला. तिच्या दिवाणखान्यात सासऱ्यांच्या काळातली हंडी आहे, खेळण्यातल्या काचेएवढी पातळ, निळी. “मावशी, हंडी कुठली गं?” “कुठली म्हणजे? बेल्जियमची.” आपल्याकडे प्रत्येक जुनी काच बेल्जियमचीच असते! आरसा बेल्जियमचा, झुंबर बेल्जियमचं, अगदी आठवडी बाजारातली बरणीसुद्धा. अगं पण बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीनं १८४० च्या दशकातच कलकत्त्याला दुकान थाटलं होतं, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात सत्तावीस फूट उंच, चार टन काचेचं कारंजं उभं केलं होतं, आणि आपल्या संस्थानिकांनी त्यांच्याकडून झुंबरं काय, काचेच्या खुर्च्या काय, किती म्हणून मागवलं! तुझी हंडी इंग्लंडची असेल, बोहेमियाची असेल, बेल्जियमचीही असेल. “पण तू खाली काढून बघितलीस का कधी?” पलीकडे शांतता. मग म्हणाली, “गणपतीत पुसायला काढते तेवढीच. आणि तू आलीस की हात लावू देणार नाही.”

तुम्ही तरी लावा. तुमच्या शोकेसमध्ये, माळ्यावर, सासूबाईंच्या ट्रंकेत जाड काचेची वाटी, ताटली, फुलदाणी असेलच, ‘साहेबाच्या काळातली’ म्हणून ठेवलेली. दोन्ही हातांनी धरा, खाली चादर पसरा, कोमट पाण्यात हातानं धुवा, मशीनमध्ये टाकू नका. मग खिडकीपाशी तिरकी धरून तळ बघा, आतून बोट फिरवा. चौकोन दिसला तर वरच्या घरात अक्षर आहे की आकडा ते आधी टिपा. नुसता आर-डी नंबर असेल आणि आकडा ३,६८,१५४ च्या आत असेल, तर त्या नक्षीची नोंद १९०१ साल उजाडायच्या आधी झालेली आहे, राणी व्हिक्टोरिया हयात असताना.